थायलंडच्या बायकांना सांगायचं राहिलं ते

ताई, गेल्या आठवड्यापर्यंत थायलंडमधल्या त्या बायकांच्या लेखी तू होतीस. इकडे तुझं जलदान झालं, विहारातल्या सगळ्यांनी तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, शाळेतल्या तुझ्या जुन्या मुली येऊन रडून गेल्या. तिकडे मात्र दर रविवारी तुझा आवाज जात होता आणि उलट टपाली फोनवर कमळांची चित्रं येत होती. हे मी केलं. का केलं ते मला धड सांगता येत नाही. तुला सांगून बघतो. सांगता सांगता मलाच काही उमगलं तर बरं.

सुरुवात तर अगदीच वेड्यासारखी झाली. तू गेलीस त्या सकाळी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. तुझी पर्स, तुझा चष्मा, तुझा फोन, सगळं माझ्या मांडीवर. आत काय झालंय ते डॉक्टरांनी सांगून झालं होतं. रेखा कागदपत्रांसाठी खिडकीवर उभी होती. तेवढ्यात तुझ्या फोनवर आठवण वाजली: ‘पाठ पाठवणे’. आणि मी पाठवला. आपण पुढचे काही पाठ नेहमी आधीच बोलून ठेवायचो, त्यांतलाच एक, तुझ्या आवाजातला. दर रविवारी तू चहा टाकायला उठलीस की मीच पाठवायचो ना, तसाच पाठवला. बोटांना सवय होती. डोक्याला काही कळत नव्हतं.

मग थायलंडहून पा नॉयचं उत्तर आलं. ‘टीचर, टुडे एअरप्लेन टू टाइम्स!’ आणि हसरे चेहरे.

तुझ्या घाटकोपरच्या घरावरून विमानं उतरायला जातात, त्यांचा आवाज पाठात यायचाच. मी म्हणायचो थांब, परत घेऊ. तू म्हणायचीस, “राहू दे रे, त्यांना आवडतं. त्यांना वाटतं टीचर विमानतळावर राहते.” आता मी त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघत बसलो होतो आणि वॉर्डबॉय मला विचारत होता की गाडी कुठल्या गेटला लावू. तेव्हा पा नॉयला काय लिहायचं होतं मी? इंग्रजीत कसं लिहायचं होतं? मी काहीच लिहिलं नाही. त्या एका रविवारचे पुढे किती रविवार झाले.

लोकांना वाटायचं, तू त्यांना पैशासाठी शिकवतेस. त्यांना कुठे माहीत होतं की हे सगळं एका मूर्तीपासून सुरू झालं. आपल्या विहारात थायलंडहून बुद्धमूर्ती आली, सोबत ती दान देणाऱ्या गावच्या बायका आल्या, आणि सगळी वस्ती त्यांच्याभोवती उभी राहून नुसती हसत होती. त्यांना मराठी येईना, हिंदी येईना, इंग्रजी जेमतेम. मग वंदना सुरू झाली. आपण ‘बुद्धं’ म्हणतोय, त्या ‘फुत्थंग’ म्हणतायत, पण शेवटच्या ओळीपर्यंत कोणीही चुकलं नाही. ती सोनेरी दातवाली ठेंगणी बाई, जिचं गावात बस स्टँडजवळ नूडल्सचं दुकान आहे, तिने वंदना संपल्यावर तुझा हात धरला तो जेवणाची पंगत उठेपर्यंत सोडला नाही. तीच पा नॉय. ‘पा’ म्हणजे त्यांच्याकडे मावशी, हे आपल्याला नंतर कळलं. जाताना तिने तुझा नंबर घेतला, आणि महिन्याभरात तुझ्या फोनवर गावातल्या बायकांचा अख्खा ग्रुप उभा. कोणी गेस्ट हाउसमध्ये साफसफाई करणारी, कोणी मसाज करणारी, कोणी फळं विकणारी. सगळ्यांना इंग्रजी हवं होतं.

दुसऱ्या कोणी त्यांना ‘हाउ मच’ आणि ‘थँक यू’ शिकवून मोकळं केलं असतं. तू त्यांना शब्दांची घराणी शिकवायला घेतलीस. मी म्हटलं, “अगं ताई, त्यांना गिऱ्हाईक सांभाळायचंय, पीएच.डी. करायची नाहीये.”

तू म्हणालीस, “मिल्या, पाठ केलेला शब्द दोन दिवसांत जातो. ओळख झालेला शब्द जात नाही. लग्नात बघ, नाव विसरतो आपण माणसाचं, पण हा कोणाचा कोण ते लक्षात राहतं.”

आणि खरंच तू लग्नच लावायचीस. शब्द म्हणजे वऱ्हाडी. हा ग्रीकांकडचा, म्हणजे आजोळचा. हा लॅटिनकडचा, म्हणजे बापाकडचा. तू त्यांना एकदा व्हिडिओ कॉलवर सांगितलंस की इंग्रजांना काका आणि मामा एकच, बिचाऱ्यांना फरकच नाही, तेव्हा पा नॉय इतकी हसली की तिच्या हातातली पळी खाली पडल्याचा आवाज आला. त्यांच्यातही आईची आई ‘याय’ आणि बापाची आई ‘या’, दोघींची नावं निराळी. तिथून पुढे त्यांना सगळं समजत गेलं. इंग्रजांपेक्षा आपण त्यांना जवळचे वाटायला लागलो.

माझं काम तुझ्यामागे बसण्याचं. मरोळच्या छापखान्यात मी दिवसभर जे करतो, तेच रविवारी तुझ्या घरी. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती बारीक अक्षरांची माहितीपत्रकं मी तपासतो. आमच्याकडे शिकवतातच तसं: मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचा, एकेक शब्द सुटा करून. अर्थ लागला की डोळा फसतो, चूक निसटते. म्हणून अर्थ लावायचाच नाही. इतकी वर्षं मी गोळ्यांचे दुष्परिणाम वाचतोय आणि कुठल्या गोळीने काय होतं ते मला विचारशील तर सांगता येणार नाही. तू यावरून मला किती चिडवायचीस! “आमचा मिलिंद सगळं वाचतो, कळत काहीच नाही.” माझ्याच बायकोसमोर, रेखासमोर म्हणायचीस आणि ती नको इतकी हसायची.

तुझ्या पाठांतही मी तेच केलं. तू बोलायचीस, मी शब्दांची मुळं तपासायचो. आपली भांडणंही त्यावरूनच. तुला गोष्ट सांगायची असायची आणि मला ‘कदाचित’ घालायचं असायचं.

“अगं, कन्सिडर शब्दाच्या मुळाशी तारे आहेत असं सगळे म्हणतात, पण खात्रीने कोणीच सांगत नाही. कदाचित म्हण.”

“कदाचित म्हटलं की बायका लिहून घेत नाहीत.”

“पण खोटं सांगायचं का?”

“खोटं कुठे सांगतेय? तुझ्या त्या कदाचितमुळे माझा निम्मा वर्ग झोपेल. तू ना, स्वतःच्या लग्नातसुद्धा ‘कदाचित हो’ म्हणाला असतास.”

तो ताऱ्यांचा पाठ. त्याबद्दलच सांगायचंय. इतका वेळ मी त्याच्या कडेकडेने फिरतोय.

तो पाठ तुझा सगळ्यात सुंदर होता. मी तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो. स्टार, ग्रीकांचा ॲस्टर आणि आपली तारा, तिघी एकाच घरातल्या बहिणी. त्यातली तारा संस्कृताबरोबर समुद्रापार गेली आणि तुमच्याकडे दारा झाली, असं तू त्यांना सांगितलंस. त्यांच्याकडे सिनेमातल्या नटीलाही दाराच म्हणतात, तेव्हा तर काय विचारता. ॲस्टेरिस्क म्हणजे धाकटी, छोटीशी चांदणी. छापलेल्या किमतीजवळ दिसली की खालचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. डिझास्टर म्हणजे वाकडा तारा; जुन्या काळी लोक म्हणायचे, ग्रह फिरले आणि घर बुडालं. कन्सिडर आणि डिझायर हे सख्खे नाहीत, लॅटिनमधल्या ताऱ्याच्या दुसऱ्या शब्दाकडून आलेले शेजारी, पण लग्नाला आलेत तर जेवून जाऊ देत. कन्सिडर म्हणजे ताऱ्यांकडे बघून ठरवणं. डिझायर म्हणजे ताऱ्यांकडून जे यायचं होतं आणि आलं नाही, त्याची वाट बघणं. दोन्ही ठिकाणी तू माझ्याकडे बघत ‘कदाचित’ म्हणालीस, जोर देऊन, चिडवत.

आणि मग शेवटी तू स्वतःचं एक वाक्य जोडलंस. मला न विचारता. “माय फ्रेंड्स, हे सगळे शब्द जुन्या माणसांच्या भीतीतून आलेत. शब्द ठेवा, भीती ठेवू नका. तारे आपलं काही बिघडवत नाहीत. ते फार लांब आहेत.”

मी म्हटलं, हे कापू या.

तू म्हणालीस, “का?”

“हा शब्दांचा पाठ आहे ताई, प्रबोधनाचं भाषण नाही. त्या बायका ज्योतिषाकडे जातात. त्यांचे भन्ते सुद्धा कधीकधी मुहूर्त सांगतात म्हणे. आपण कोण त्यांना शिकवणार? दुखावतील उगाच.”

आपल्या घरात कधी पंचांग आलं नाही. कॅलेंडर यायचं ते सुट्ट्या बघायला आणि दूध आलं नाही त्या तारखेवर फुली मारायला. बाबांनी आपल्याला ते वाक्य वेगळ्या शब्दांत शेकडो वेळा सांगितलं असेल. मला ते पटत नव्हतं असं नाही. मला फक्त कोणाशी वाद नको होता. मला कधीच कोणाशी वाद नको असतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तू वही मिटलीस. मग म्हणालीस, “तुला बरोबर वाटतं ना? मग काप.” आणि चहा टाकायला उठलीस. त्या रविवारी आपण त्यावर पुढे बोललो नाही. पुढचा रविवार आला तो हॉस्पिटलच्या बाकावर.

मला अजून कळत नाही, तू हरलीस म्हणून गप्प बसलीस की माझी कीव आली म्हणून. विचारायचं राहून गेलं.

ताऱ्यांचा तो पाठ मी तुझ्या जलदानानंतर काही रविवारांनी पाठवला. शेवटचं वाक्य कापून. तोवर मला या प्रकाराची लाज वाटायला लागली होती. जलदानाच्या दिवशी भन्तेजींनी सांगितल्यावर मी तांब्यातून पाणी ओतत होतो, ताटातल्या वाटीतून ते बाहेर सांडत होतं, आणि मला एकाएकी आठवलं की पा नॉयच्या गावातही गेलेल्या माणसासाठी असंच पाणी ओततात. तूच सांगितलं होतंस. म्हणजे मी तिकडची ती सगळी माणसं तुझ्या पाण्यापासून अडवून ठेवली होती. त्या संध्याकाळी रेखा मला म्हणाली, “अहो, सांगून टाका ना एकदाचं. त्या बायका तिकडे ताईंना ‘कशा आहात’ विचारतायत आणि आपण इकडे फोटोला हार घालून बसलोय. कसं दिसतं ते?”

“सांगतो.”

“कधी?”

“अजून थोडे पाठ आहेत.”

“पाठ संपेपर्यंत ताई जिवंत आहेत का?”

बहुतेक मला तसंच वाटत होतं.

ताऱ्यांचा पाठ गेल्यावर पा नॉयचा संदेश आला. तेव्हा मी मरोळला होतो, हातात कसल्यातरी मलमाचं पत्रक. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: ‘टीचर, प्लॉय लांब कामाला चालली. आमचा मॉ दू म्हणतो या वर्षी तिचा तारा चांगला नाही. गेली तर डिझास्टर. करेक्ट?’

मॉ दू म्हणजे त्यांच्याकडचा भविष्य सांगणारा. प्लॉय म्हणजे पा नॉयची पोरगी, जिची तू व्हिडिओ कॉलवर मुलाखतीची तयारी करून घेतलीस, जिला परदेशातल्या हॉटेलात नोकरी लागल्यावर तू इकडे आम्हा सगळ्यांना पेढे वाटलेस.

मी तो संदेश कसा वाचला असेन ते तुला सांगायला नको. शेवटाकडून. एकेक शब्द सुटा. डिझास्टरचं स्पेलिंग बरोबर. पाठात शिकवलेला शब्द वाक्यात नीट बसवलाय. इतके दिवस त्या बायका अशी वाक्यं करून पाठवत होत्या आणि तुझ्या नावाने मी एका शब्दात तपासून देत होतो. मी लिहिलं, ‘करेक्ट.’ वर एक टाळ्यांचं चित्र लावलं. ताई, टाळ्या! आणि परत मलमाकडे वळलो.

त्यानंतर दोन दिवसांनी प्लॉयचा संदेश आला. ग्रुपवर नाही, फक्त तुला. ‘टीचर, आई म्हणते तुम्हीही सांगितलं जाऊ नको म्हणून. आधी तर तुम्ही मला जा म्हणाला होता. मग आता का? कंपनी शुक्रवारपर्यंत थांबेल. मी नाही म्हणून कळवू का?’

मी तो वाचला. पहिल्यांदा सरळ वाचला, वरून खाली. आणि हातातलं पत्रक टेबलवर टाकलं. शेजारच्या टेबलवरचा सावंत म्हणाला, “काय रे, वाट लागली काय?” त्याला वाटलं पत्रकात चूक सुटली. मी म्हटलं, हो.

तू आयुष्यभर ज्या गोष्टीला घरात पाय ठेवू दिला नाहीस, ती मी तुझ्या तोंडून वदवली. तुझ्या मुलीला, कारण प्लॉय तुझीच म्हणायची, एका शब्दात घरी बसवलं. आणि त्या वेळी मी काही विचारच करत नव्हतो. माझा कुणाला अडवायचा इरादा नव्हता, खोटं बोलायचा नव्हता. मी फक्त तपासत होतो. ह्याला गुन्हा म्हणायचं का सवय म्हणायची?

तरी मी सरळ वागलो असं समजू नकोस. घरी आलो आणि आधी संगणक उघडला. कापलेला तो तुकडा मी पुसला नव्हता. माझ्या मनात आलं, हेच पाठवू. तुझाच आवाज, तुझंच मत. प्लॉयही खूश, पा नॉयही ऐकेल, आणि कोणाला काही सांगावंच लागणार नाही. रेखा स्वयंपाकघरातून बघत होती, मी हेडफोन लावला.

“शब्द ठेवा, भीती ठेवू नका. तारे आपलं काही बिघडवत नाहीत. ते फार लांब आहेत.” मागे विमान. मग जरा शांतता. आणि मग तू मराठीत, माझ्याकडे वळून, हसत: “मिल्या, हे तू कापशील बघ.”

हे मी विसरलो होतो. कापताना ऐकलं असणार, पण तेव्हा नुसता आवाज म्हणून ऐकलं असणार. आता पाठवायचं तर एवढं काढायला हवं होतं. एवढंसंच, चार-पाच शब्द. माझं रोजचंच काम. मी खूण केली, सुरुवात पकडली, शेवट पकडला. बोट बटणावर ठेवलं. मला ते दाबता येईना. रेखा आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. तिने एका कानाला हेडफोन लावून ऐकलं. माझा फोन आणून पुढ्यात ठेवला. तुझा नाही, माझा.

मी प्लॉयला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसांना माझा आवाज ऐकू गेला, ताई. इतकी वर्षं मी तुझ्या मागच्या स्टुलावर बसलेलो.

प्लॉय दुकानातच होती. भांड्यांचे आवाज, कोणीतरी ऑर्डर देतंय. तिचं इंग्रजी तू छान केलंस. माझंच अडखळत होतं.

मी म्हटलं, “मी टीचरचा भाऊ.”

“ओह, हॅलो! टीचर कशा आहेत? बोलवा ना त्यांना.”

मी सांगितलं. तीन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, त्यातलं एकच बाहेर पडलं.

मग तिने थाईमध्ये आईला सांगितलं आणि भांड्यांचा आवाज थांबला. मला ती थांबलेली जागा अजून ऐकू येते. पा नॉयने फोन घेतला, पण बोलली ती प्लॉयशीच. प्लॉय मला सांगत गेली.

“आई विचारते, कधी?”

मी तारीख सांगितली.

“पण त्यानंतर तर आम्ही पाठ ऐकले.”

“ते आधीच बोलून ठेवलेले होते.”

“आणि आमची वाक्यं कोण तपासत होतं?”

“मी.”

“मॉ दूचं वाक्य?”

“मी. टीचरने नाही. टीचरने कधीच तसं म्हटलं नसतं. मी फक्त स्पेलिंग बघितलं.”

प्लॉयने ते सांगितलं. पा नॉय एक लांब वाक्य बोलली, हळू आवाजात. मी वाट बघितली.

“काय म्हणाली आई?”

“काही नाही.”

“सांग ना, मला चालेल.”

“नको. काही नाही.”

ते वाक्य मला कधीच कळणार नाही. शिवी असेल, दुःख असेल, आणखी काही असेल. शब्दांची सगळी घराणी तपासणारा मी, आणि नेमकं माझ्यासाठी आलेलं वाक्य माझ्यापर्यंत पोचलंच नाही. बरंच झालं की वाईट, तेही ठरवता येत नाही.

मग पा नॉयने तुझं पूर्ण नाव विचारलं. वडिलांचं नाव, आईचं नाव. पाणी ओतताना घ्यायचं म्हणून. मी सांगितली, तिने ती मोठ्याने परत म्हणून बघितली, आपल्या आईचं नाव तिच्या तोंडात अगदी वेगळंच झालं. मला वाटलं, आता ठेवेल फोन. तर तिने विचारलं, आणि या वेळी इंग्रजीत, प्लॉयला मध्ये न घेता:

“यू. यू से. प्लॉय गो?”

मी म्हटलं, “टीचर म्हणाली असती, जा.”

“नो टीचर. टीचर फिनिश.” ती निर्दयपणे बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “यू.”

ताई, मला त्या हॉटेलची काही माहिती नव्हती. कंपनी कशी आहे, राहायची सोय कशी आहे, तिकडे मुलींना कसं वागवतात, काही नाही. मी काहीच तपासलं नव्हतं. माझ्याजवळ एक मूळ नव्हतं, एक पुरावा नव्हता. ‘कदाचित’ अगदी ओठांवर आलं होतं. रेखा दारात उभी होती.

मी म्हटलं, “गो.”

प्लॉय रडली की हसली, मला कळलं नाही. पा नॉय ‘ओके’ म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्या रात्री ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यांच्या गावच्या विहारात सगळ्या जणी पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या, प्रत्येकीसमोर छोटा तांब्या आणि वाटी. तुझं नाव त्यांनी चुकीचं घेतलं, आईचं त्याहून चुकीचं. मी दुरुस्त केलं नाही. तुझी फळं विकणारी विद्यार्थिनी सगळ्यात जास्त रडत होती, जी वर्गात कधी एक शब्द बोलायची नाही आणि तू म्हणायचीस, ‘ही आपल्या मिलिंदसारखी आहे.’

प्लॉय परवा निघाली. विमानतळावरून तिने फोटो पाठवला, मागे भलीमोठी बॅग, शेजारी पा नॉय सोनेरी दात दाखवत. त्यानंतर काही नाही. पोचली असेल एव्हाना. नवीन जागा, नवीन सिम, कामाचा पहिला दिवस, कारणं हजार असतील. मी फोन हातातून खाली ठेवत नाही. आंघोळीलाही आत नेतो. रेखा म्हणते, येईल हो मेसेज. मी म्हणतो, हो. आणि परत बघतो.

तू किती मुलींना ‘जा’ म्हणालीस, ताई. नर्सिंगला जा, नागपूरला जा, ते लग्न मोडून जा, आईबापांशी भांडून जा. रविवारी पाठ करताना मध्येच त्यांच्यातल्या कुणाचा फोन आला की तू गॅलरीत जायचीस आणि परत येऊन म्हणायचीस, “हं, कुठे होतो आपण?” मी कधी वर मान करून तुझा चेहरा बघितला नाही. पुढचा शब्द शोधत बसलेलो असायचो.

तुलाही दर वेळी असंच व्हायचं का गं?